खरवडलेलं नाव

रेकॉर्डच्या मधला कागद काढायचा असेल तर घाई करायची नाही. आधी बोटाला थुंकी लावून कागद कडेकडेनं ओला करायचा. शंभरपर्यंत आकडे म्हणायचे. मग नाण्याची कड आडवी धरून बाहेरून मध्याकडे खरवडत जायचं, मध्याकडून बाहेर कधीच नाही. हात निसटला तर नाणं खाचांवर जातं, आणि मग गाणं दर वेळी त्याच जागी अडखळतं.

हे मला नवव्या वर्षी येत होतं, आणि माझ्याइतकं नीट आमच्या वस्तीत कोणालाच येत नव्हतं.

माझ्या वडिलांचा पिको होता. दोन माणसांच्या उंचीचं लाकडी खोकं, आत स्पीकरच स्पीकर, आणि दर्शनी बाजूला रंगवलेली शार्क माशाची मादी. डोक्यावर हॅट, तोंडात एक सोन्याचा दात. तिचं नाव ला तिंतोरेरा. रविवारी जेवणं झाली की पापा आणि चार माणसं तिला खाडीकाठच्या पत्र्याच्या आवारात उभी करायची, आणि दिवे लागेपर्यंत अर्धं कार्ताहेना शहर तिच्यासमोर घाम गाळायचं. पलीकडच्या वस्तीत डॉन ब्राउलिओचा, म्हणजे ब्राउलिओशेठचा, पिको होता, सेंतिनेला. त्याचे स्पीकर आमच्याहून मोठे होते. त्यामुळे आम्हाला त्याच्याकडे नसलेली गाणी लागायची.

ती बोटीवरून यायची. विल्फ्रिदो मामा केळ्यांच्या बोटीवर खलाशी होता. कुठल्या कुठल्या बंदरांतून तो आफ्रिकेतली गाणी आणायचा. त्या भाषेतलं एक अक्षर आम्हाला कळायचं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. रेकॉर्ड घरात आली की पहिलं काम कागद काढणं. कागदावर गाण्याचं नाव असतं, गाणाऱ्याचं असतं, कंपनीचं चित्र असतं आणि एक नंबर असतो. तो नंबर ब्राउलिओच्या हाती लागला की चार-सहा महिन्यांत तीच रेकॉर्ड त्याच्याकडे आलीच म्हणून समजा. दोघांकडे असलेल्या गाण्याला आमच्यात ‘जळलेलं’ म्हणतात. जळलेल्या गाण्यासाठी कोणी खाडीपर्यंत चालत येत नाही.

कागद गेला की गाण्याला नाव उरत नाही, म्हणून नवं नाव पापा ठेवायचे. एका गाण्यात तुतारी फार किरकिर करायची, ते ‘न्हाव्याची सासू’. एक नुसतं ढोलांचं होतं, ते ‘उकळतं पातेलं’. लोकही त्याच नावानं मागायचे: “डॉन तेओ, सासू लावा ना.”

पापांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आई मी लहान असतानाच घर सोडून गेली होती. त्यामुळे खरवडण्याआधी कागद वाचणारी घरात मी एकटीच.

“वाचलंस?” पापा विचारायचे.

“वाचलं.”

“आता विसर.”

मी मान हलवायचे. विसरत मात्र नव्हते.

दिलिया समोरच्या घरात राहायची. तिची आई, सेन्योरा निन्फा, डोक्यावर पाटी घेऊन नारळाच्या वड्या विकायची. दिलियाला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला होता. डावा पाय मागे राहायचा, आणि मग ती तो झटक्यानं ओढून घ्यायची. त्याचं आम्हाला काही वाटत नसे. माझे कान पुढे आलेले होते, शेजारच्या तोन्योचे दात किडलेले होते, तसा दिलियाचा पाय होता. तिच्या कानांचा मात्र मला हेवा वाटायचा. नंतर चाळीस वर्षं मी मुलांना संगीत शिकवलं, पण तसे कान मला पाचसुद्धा भेटले नाहीत.

एका मार्चमध्ये मामानं एक लहान रेकॉर्ड आणली. हिरवा कागद, त्यावर उडता बगळा. मी कागद काढला, पापा स्पीकरची तार घ्यायला बाजारात गेले, आणि मी दिलियाला हाक मारली. तोवर मला एकही गाणं आवडलेलं नव्हतं. माझ्या लेखी रेकॉर्ड म्हणजे खरवडायची वस्तू. हे गाणं सुरू झालं, दोन गिटारी एकमेकींना टोचत निघाल्या, एक बाई बऱ्याच उशिरानं गाऊ लागली, आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. संपल्यावर दिलिया नुसतं म्हणाली, “परत.”

आम्ही ते अकरा वेळा लावलं. सातव्या वेळी ती फरशीला कान लावून पडली होती. म्हणाली, “थांब, ऐक. दर फेऱ्याला गाणं जरा मागे राहतं आणि मग धावत येतं. कळतंय?”

मला कळत नव्हतं. तिनं माझं बोट धरलं आणि फरशीवर आपटून दाखवलं. इथं मागे. इथं धाव. मग कळलं, आणि एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकूच येईना.

रेकॉर्ड माझ्या घरची, कागद मी काढलेला, आणि गाण्यातली मुख्य गोष्ट सापडली समोरच्या घरातल्या मुलीला. मला राग आला. लहान मुलांना किती थोडक्यात राग येतो हे मोठी माणसं विसरतात.

“तुझ्यासारखंच चालतंय,” मी म्हणाले.

तिनं जरा विचार केला. मग हसली. “हो गं. माझंच गाणं आहे.”

इथं हे थांबायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी जेवताना पापा गप्प होते. महिनाभर आवार निम्मं रिकामं जात होतं. मला त्यांना हसवायचं होतं. मी म्हणाले, “पापा, नवीन गाणं कसं चालतं माहितीय?” आणि उठून टेबलाभोवती चालून दाखवलं. डावा पाय मागे, मग झटका.

पापांच्या तोंडात माशाचा घास होता. तो त्यांना बाहेर काढावा लागला, इतके ते हसले.

“ही तर निन्फाची पोर,” ते डोळे पुसत म्हणाले. “पुन्हा कर.”

मी पुन्हा केलं.

रविवारी दिलिया आणि मी आवाराच्या भिंतीवर बसलो होतो, मिठाबरोबर कच्चा आंबा खात. पापांनी माइक घेतला. “मंडळी, हे तिंतोरेराशिवाय जगात कोणाकडे नाही. ऐका, आणि जमलं तर चाला. लंगडी दिलिया.”

गाणं सुरू झालं. पहिल्यांदा बंदरातल्या एका हमालानं पाय ओढला. त्याच्या जोडीदारणीनं ओढला. दुसऱ्या कडव्याला सगळं आवार लंगडत होतं, दोनशे माणसं, एका तालात. मग कोणीतरी भिंतीकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांनी मान वर केली.

दिलिया हसली. सगळे आपल्याकडे बघत असले की मूल हसतं, त्याला दुसरं काय करावं ते माहीत नसतं. तिच्या हातातली आंब्याची फोड मात्र गाणं संपेपर्यंत तिथंच राहिली.

पंधरा दिवसांत बसचे कंडक्टर तिला बघून शिट्टीवर ते गाणं वाजवू लागले. शाळेत मुलं तिच्यामागे रांगेनं लंगडत यायची. सेन्योरा निन्फा आमच्या दारात आली तेव्हा पापा स्पीकरला रंग देत होते.

“डॉन तेओ, माझ्या मुलीचं नाव काढा त्यातून.”

“अहो, काढायचं कशाला? राणीचं नाव घेत नाहीत लोक एवढं.”

“राणीला लंगडी म्हणत नाहीत.”

“मग ती लंगडत नाही का?” पापांनी अगदी साधेपणानं विचारलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आजही खात्रीनं सांगता येतं. त्यानं काही फरक पडत नाही. “रविवारी पाटी घेऊन आवारातच बसा ना. बाहेर उन्हात कशाला फिरता?”

ती दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली. लोक विचारायचे, “लंगडीच्या आईच्या वड्या त्या ह्याच का?” आणि ती म्हणायची, “ह्याच.” पाटी तासाभरात रिकामी व्हायची.

चौथ्या रविवारी पापांनी दिलियाला वर बोलावलं. खोक्यासमोर फळ्यांचं उंच व्यासपीठ होतं. हमालानं तिला उचलूनच ठेवलं. पापांनी तिच्या हातात थंड कोला दिला, गाणं लावलं आणि माइकमध्ये म्हणाले, “आता अस्सल बघा.”

ती उभी राहिली. लोक टाळ्या वाजवत होते, रागानं नव्हे, प्रेमानं. तिची आई पाटीमागून म्हणाली, “नाच गं, लोक थांबलेत.” मग दिलिया चार पावलं चालली. नाचली नाही, नुसती नेहमीसारखी चालली. आवार आनंदानं वेडं झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला शाळेच्या मागे गाठलं.

“यामी, नाव तू दिलंस ना?”

मी पायानं माती उकरत राहिले.

“तुझ्या पापांना एवढं सुचत नाही,” ती म्हणाली. “खरं नाव तुला माहितीय. तू वाचलं असशील.”

“हो.”

“मग सांगून टाक कोणालातरी. गाणं जळेल. जळलं की कोणी लावणार नाही.”

तिचं बरोबर होतं. आमच्या धंद्याचा नियमच तसा होता. मी हो म्हणाले, आणि तीन रविवार काही केलं नाही. आवार भरत होतं. मला पांढरे बूट मिळाले होते. आणि एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नव्हती: दोनशे माणसं मी टेबलाभोवती केलेली नक्कल करत होती, ते बघायला मला आवडायचं.

दिलियानं पुन्हा विचारलं नाही. ती माझ्याशी बोलत राहिली, गणितं दाखवत राहिली, आणि दर सोमवारी फक्त माझ्या तोंडाकडे बघायची. चौथ्या सोमवारी मला ते सहन झालं नाही. सिगरेटच्या रिकाम्या पाकिटावर मी गाण्याचं नाव, बाईचं नाव आणि नंबर लिहिला, बगळाही काढला, आणि डॉन ब्राउलिओच्या घरी गेले. तो ओट्यावर दाढी करत होता.

“तेओची मुलगी ना तू? बापाचं घर जाळायला आलीस?”

“गाणं जाळायला.”

त्यानं पाकीट वाचलं, मग परत वाचलं. “बदल्यात काय हवंय, सुंदरी?”

“तुम्ही लावाल तेव्हा दिलियाचं नाव घ्यायचं नाही. खरं नाव घ्यायचं. त्यात लिहिलंय.”

साबणाचा हात त्यानं छातीवर ठेवला. “आईची शपथ.”

रेकॉर्ड यायला ऑगस्ट उजाडला. सेंतिनेलावर ती पहिल्यांदा वाजणार होती त्या रविवारी मी आणि दिलिया त्याच्या आवाराबाहेरच्या बदामाच्या झाडावर चढून बसलो. तिला मी खालून ढकललं. तिनं केसांना नवी रिबीन बांधली होती. आपलं नाव आज सुटणार म्हणून ती सकाळपासून जेवली नव्हती.

डॉन ब्राउलिओनं माइक हातात घेतला. “पाच महिने एकट्या तेओनं हिला कोंडून ठेवली. आता ती सगळ्यांची. माझ्याकडे आहे, उद्या बारांकिल्याला असेल, परवा सांता मार्ताला. मंडळी, लंगडी दिलिया.”

दुसरं नाव घेऊन त्यानं करायचं तरी काय? लोक त्याच नावाची वाट बघत होते. हे मला अकराव्या वर्षी कळायला हवं होतं असं नाही, पण नऊ वर्षांच्या वयापासून मी नावंच खरवडत होते, मला कळायला हवं होतं. तोवर गाणं एका आवारात होतं, एका खोक्यात, आणि बाहेर गेलं तरी शिट्टीएवढंच. कुलूप मी उघडलं.

पण त्या दुपारची मला सगळ्यात जास्त आठवते ती ही गोष्ट नाही. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा दिलियानं माझा दंड धरला.

“यामी, हे लंगडत नाहीये.”

मी ऐकलं. दोन गिटारी सरळ चालल्या होत्या. बाई सरळ गात होती. कुठे मागे राहणं नाही, धावणं नाही, अगदी तुळतुळीत रस्त्यावर चालल्यासारखं.

“खरंच,” मी म्हणाले.

“मग हे का लंगडतायत?”

खाली तीनशे माणसं डावा पाय ओढत होती.

याचं कारण आता मला मुलांना शिकवता येतं. रेकॉर्डच्या मधलं भोक बरोबर मध्यात नसेल, तांदळाच्या दाण्याएवढं जरी बाजूला असेल, तर सुई एका फेऱ्यात एकदा जवळ येते आणि एकदा लांब जाते, आणि गाणं एकदा रेंगाळतं आणि एकदा धावतं. आमची प्रत तशी होती. नंतर मी दोऱ्यानं मोजून पाहिलं. गाण्यात काहीच नव्हतं. सदोष होती ती आमच्या घरातली एक वस्तू. ब्राउलिओच्या प्रतीत लंगडणं नव्हतं, पण त्यावाचून कोणाचं नडलं नाही. नाव कानात आधी गेलेलं होतं.

पापांना दोन दिवसांत कळलं. त्यांनी हात उचलला नाही. विचारलं, “काय दिलं त्यानं?”

“काही नाही.”

“मग मूर्खच आहेस,” ते म्हणाले, आणि त्यानंतर कागद ते स्वतः खरवडू लागले. वाईट खरवडायचे. दोन वर्षांनी तिंतोरेरा त्यांनी सुट्या फळ्यांच्या भावानं विकली.

ते गाणं जळलंच नाही. धंद्याचा नियम त्या एका गाण्यापुरता खोटा ठरला. वर्षभरात देशाच्या आतल्या कुठल्याशा शहरात ते पुन्हा छापलं गेलं, आणि या वेळी कागदावरच छापून आलं: लंगडी दिलिया. वर कुबडी घेतलेल्या हसऱ्या मुलीचं चित्र. दिलियानं कधी कुबडी घेतली नव्हती. सेन्योरा निन्फानं ते चित्र पाटीवर चिकटवलं. दिलियानं शाळा सोडली, आणि पुढे त्यांनी घरही सोडलं. गाडीवर सामान चढवताना मी दारात उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमच्याकडची ती अजून आहे?”

मी आत गेले, पापा झोपले होते, आणि आमची वाकड्या भोकाची रेकॉर्ड तिला आणून दिली. तिनं ती पोलक्यात घातली. आभार मानले नाहीत.

मागच्या फेब्रुवारीत, शनिवारच्या वर्गाला, एक बाई नातीला घेऊन माझ्या अंगणात आली. हातात काठी, केस पांढरे. फाटकापासून माझ्या खुर्चीपर्यंत ती चालत आली तेवढ्यात मी ओळखलं. अंगणात वीस मुलं होती, मी ओळख दाखवली नाही.

“मी रोसा काब्रेरा,” ती म्हणाली. “ही माझी नात, नेरीस. हिला गाणं शिकायचंय म्हणते. तुम्ही घ्याल का, बाई?”

तुम्ही, म्हणाली.

मी नव्या मुलाला पहिल्या दिवशी एकच विचारते, तेच तिलाही विचारलं. “तुझं पहिलं आवडतं गाणं कोणतं, बाळा?”

“लंगडी दिलिया,” नेरीस म्हणाली. आठ वर्षांची असेल, पुढचे दोन दात पडलेले. “करून दाखवू? शाळेत सगळ्यात भारी मीच करते. आजीला बघून बघून शिकले.”

मुलं हसली. आजी बाकावर बसून फरशीकडे बघत होती.

“आजी, सांग ना बाईंना, तू कसं शिकवलंस. आजीकडे जुनी रेकॉर्ड आहे, ती कोणालाच लावू देत नाही, फक्त मला. बाई, ही दिलिया कोण होती हो?”

मी तिच्या आजीकडे पाहिलं. हळूच म्हणाले, “गाण्याचं खरं नाव मला अजून पाठ आहे. सांगू तिला?”

“कशाला?” ती म्हणाली. “उद्या ती शाळेत सांगेल. मुलं विचारतील, तुला काय माहीत. मग तुम्हाला विचारतील, मग मला.” आणि मोठ्यानं नातीला म्हणाली, “कोणी नव्हती गं. गाण्याला काहीतरी नाव लागतं.”

“तुझं नाव तरी—” मी म्हणू लागले.

“तिचं पहिलं गाणं आहे, बाई,” तिनं मला थांबवलं. “आपल्याकडून मोडायला नको.”

नेरीस वाट बघत होती. मी टाळी धरली, सरळ, चार-चार मात्रांची. ती आठ मात्रा सरळ चालली आणि थांबली.

“असं मजा नाही येत.”

तेवढ्यात बाकावरून काठीचा आवाज आला. टक, टक, मग जरा मागे, मग धावत. तांदळाच्या दाण्याएवढी चूक, जशीच्या तशी, पन्नास वर्षांनी. तिनं मान वर केली नव्हती. नेरीसचा डावा पाय मागे राहिला, झटक्यानं पुढे आला, आणि ती अंगणभर फिरू लागली. सगळ्या किनाऱ्यावर मी इतकी माणसं हे करताना पाहिली आहेत, पण इतकं अचूक कोणीच केलेलं नाही. मुलं टाळ्या वाजवू लागली.

शिकवणाऱ्यानं मुलाशी खोटं बोलू नये. जे चांगलं आहे त्याला चांगलंच म्हणावं लागतं.

“छान,” मी म्हणाले. “पुन्हा कर.”